टर्बोच्या आधी ताप बघा

तंजावरहून कुंभकोणमच्या रस्त्याने पंचवीसेक किलोमीटर गेलं की पापनाशम लागतं. कावेरीच्या खोऱ्यातलं हे भाताचं गाव. जवळच तिरुप्पालैत्तुरैच्या देवळात नायक राजांच्या काळातलं विटांचं धान्यकोठार अजून उभं आहे. कावेरीवरच्या मेट्टूर धरणाचं पाणी रिवाजाने 12 जूनला सुटतं, आणि सांबा हंगामातलं भाताचं पीक पोंगलच्या सुमाराला कापणीला येतं. कापणी हार्वेस्टरने होते आणि भाडं तासावर. मशीन चिखलात दमलं, तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला की मालकाच्या डोक्यात हमखास येतं: टर्बो बसवून टाकू, ताकद वाढेल.

टर्बो वाईट नाही. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखीने 1905 साली त्याचं पेटंट घेतलं. सायलेन्सरवाटे फुकट जाणाऱ्या धुराच्या जोरावर चाक फिरवायचं आणि इंजिनात जास्त हवा कोंबायची, एवढीच युक्ती. पण नुसत्या हवेने ताकद फारशी वाढत नाही. तिच्या जोडीला पंपातून डिझेलही वाढवावं लागतं. जळणाऱ्या डिझेलची ढोबळमानाने एक तृतीयांश उष्णताच कामी येते, बाकीची धुरातून आणि पाण्यातून बाहेर पडते. डिझेल वाढलं की ही उष्णताही वाढली. रेडिएटर, वॉटर पंप, हेड गॅस्केट मात्र तेच. आधीच तापणाऱ्या इंजिनाला टर्बो लावणं म्हणजे तापाच्या रोग्याला पळायला लावणं.

म्हणून पहिला प्रश्न ‘किती तापतं?’ हा नाही. ‘कधी तापतं?’ हा आहे.

फक्त कापणी चालू असताना तापत असेल तर आधी रेडिएटरची जाळी बघा. भाताचा तूस आणि पेंढ्याचा भुगा तिथे गादीसारखा बसतो. इंजिन बंद करून, फुंकणीने आतून बाहेर हवा मारली की निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात. उभ्या उभ्या तापतं आणि रस्त्याला लागलं की निवतं, तर पंख्याचा पट्टा ढिला असेल. उलट, रिकामं असताना ठीक आणि ओझं आलं की तापतं, तर रेडिएटरच्या नळ्या आतून क्षाराने चोंदल्या असतील. वर्षानुवर्षं बोअरचं जड पाणी ओतल्याचा हा प्रसाद. वरचा होज कढत आणि खालचा थंड राहिला, तर थर्मोस्टॅट उघडत नाही किंवा रेडिएटर तुंबलाय. पुष्कळ मिस्त्री थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. तो उपाय नव्हे, पुरावा नष्ट करणं आहे. आणि काट्यावरही आंधळा विश्वास नको. सेन्सर खोटं बोलतो, इन्फ्रारेड थर्मामीटर लावून ताळा घ्या.

सगळ्यात वाईट खूण सकाळी दिसते. गार इंजिन सुरू केल्यावर दोन-चार मिनिटांत, पाणी अजून कोमटही नसताना वरचा होज दगडासारखा कडक झाला, तर ज्वलनाचा वायू पाण्यात शिरतोय. हेड गॅस्केट गेलं, नाहीतर हेडला तडा. निळ्या द्रवाची चाचणी गॅरेजमध्ये होते. वायू असला तर त्या द्रवाचा रंग बदलतो. तापलेल्या रेडिएटरचं झाकण मात्र कधी उघडू नका.

पाण्याचं निस्तरलं की कॉम्प्रेशन मोजा. सगळे सिलिंडर साधारण सारखे हवेत. चालू इंजिनाचं ऑइलचं झाकण काढल्यावर धुराचा भपका जोरात आला तर बोअर-पिस्टन झिजलेत. ऑइलचा दाबही पाहायलाच हवा, कारण टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतो आणि तरतो तो तेलाच्या पातळ थरावर. तेल कमी पडलं की आधी तोच मरतो.

कंपनीतून टर्बोसह येणाऱ्या इंजिनात पिस्टनवर तेलाचा फवारा, मोठा रेडिएटर, वेगळी पंप-सेटिंग अशी तयारी असते. बाजारातल्या किटमध्ये ती सगळी येईलच असं नाही. शिवाय नोंदणी झालेल्या वाहनात मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करायला मोटर वाहन कायद्याच्या कलम 52 ची आडकाठी आहे.

पाणी रोज घटतंय आणि गळती कुठे दिसत नाही, अशी अवस्था असेल तर टर्बोसाठी बाजूला काढलेले पैसे आधी हेड उघडण्यावर खर्च करा.