माथेरानच्या चढावरचे वाफेचे इंजिन

नेरळ-माथेरान छोटी रेल्वे 1907 मध्ये सुरू झाली. खारघर-पनवेलच्या पूर्वेला उभ्या असलेल्या माथेरानच्या डोंगरावर ती नेरळच्या बाजूने चढते. सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशावर आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या पुढाकाराने हा मार्ग उभा राहिला. रुळांमधले अंतर अवघे 610 मिलिमीटर, चढ काही ठिकाणी विसास एक आणि वळणे अतिशय तीव्र. मोठ्या रेल्वेचे इंजिन छोटे करून इथे चालवणे शक्यच नव्हते.

अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी या मार्गासाठी सहाचाकी इंजिनाचा आराखडा केला आणि जर्मनीतील ओरेनस्टाइन अँड कोपेल कंपनीने अशी चार इंजिने बांधली. चढावर पकड मिळावी म्हणून सहाही चाकांना इंजिनाची ताकद मिळायला हवी. पण तीन आस एका चौकटीत ताठ बसवले, तर वळणावर चाके रुळाला घासतात. यावर ‘क्लिन-लिंडनर’ पद्धतीचा तोडगा होता. पुढच्या आणि मागच्या जोडीची चाके पोकळ आसावर बसवतात. त्याच्या आतून भरीव आस जातो. तो चौकटीत सरळ राहतो आणि बाहेरच्या दांड्यांमुळे फिरतो. दोन्ही आस मधोमध गोलाकार सांध्याने जोडलेले असल्यामुळे आतला आस फिरला की बाहेरचाही फिरतो, शिवाय वळणावर तो थोडा तिरका होऊ शकतो.

डिझेल इंजिने आल्यावर ही इंजिने मागे पडली आणि 1982 मध्ये त्यांची सेवा संपली. त्यांपैकी 740 क्रमांकाचे इंजिन पुढे इंग्लंडमधील लेटन बझर्ड रेल्वेवर पोचले. 1919 मध्ये वाळू वाहण्यासाठी टाकलेला हा मार्ग 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून स्वयंसेवक चालवत आले आहेत. तिकीट देण्यापासून इंजिनाच्या दुरुस्तीपर्यंतची कामे तेच करतात.

जुने इंजिन पुन्हा वाफेवर आणताना सुरुवात बॉयलरपासून होते. जुन्या नळ्या काढून आतला गंज आणि क्षार खरवडतात, भट्टीच्या पत्र्यांची जाडी मोजतात आणि त्यांना धरून ठेवणारे आधारखिळे तपासतात. नव्या नळ्या बसवल्या की बॉयलर पाण्याने भरून, नेहमीच्या दाबाहून जास्त दाब देऊन चाचणी घेतात. गळती असेल तर ती वाफेआधी पाण्यातच कळते, कारण पाण्याच्या दाबाने स्फोटाचा धोका फार कमी असतो. माथेरानच्या इंजिनात त्यानंतर पोकळ आसाची वेगळी परीक्षा असते. आतला सांधा झिजून सैल झाला तर चाके डगमगतात, घट्ट बसला तर वळणावर अडतात. हे सुटे भाग बाजारात मिळत नाहीत. मोजमाप घेऊन कातयंत्रावर ते नव्याने घडवावे लागतात.

उरलेल्या इंजिनांपैकी एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जतन केलेले आहे. नेरळहून वर जाणाऱ्या गाड्या आता डिझेलवर धावतात.