'पासआउट' म्हणजे पदवी की बेशुद्धी?

'मी २०२२चा पासआउट' हे वाक्य आता मराठी बोलण्यातही रुळले आहे. नोकरीच्या जाहिरातींत 'पासआउट उमेदवार' हवे असतात, माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यांत 'पासआउट बॅच' असते. शिक्षण पूर्ण करून संस्थेबाहेर पडणे हा त्याचा अर्थ भारतात कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. मात्र 'आय पास्ड आउट इन २०२२' हेच वाक्य लंडन किंवा न्यूयॉर्कमधील मुलाखतकारासमोर उच्चारले, तर 'मी २०२२मध्ये बेशुद्ध पडलो' असा अर्थ त्याच्या मनात आधी उभा राहतो. परदेशी ग्राहकांशी दूरध्वनीवर बोलणारे, परदेशी विद्यापीठांकडे अर्ज करणारे आणि मुलाबाळांकडे परदेशी जाणारे, अशा सर्वांनीच या दोन शब्दांची नीट ओळख करून घेणे हिताचे आहे.

शेपूट छोटे, करामत मोठी

'पास आउट' हे इंग्रजी व्याकरणात 'फ्रेझल व्हर्ब' म्हणून ओळखले जाते. साध्या क्रियापदापुढे 'आउट', 'अप', 'ऑफ' असा एखादा छोटा शब्द येतो आणि दोन्ही मिळून वेगळाच अर्थ तयार होतो. मराठी भाषकाला ही कल्पना अपरिचित नाही. 'बोलून दाखवणे', 'बोलून टाकणे' आणि 'बोलून जाणे' या तिन्हींत बोलणे एकच. पण पहिल्यात मनातले उघड करणे आहे, दुसऱ्यात मोकळे होणे आहे आणि तिसऱ्यात नकळत तोंडून निघून जाणे आहे. संस्कृतातील 'हृ' या एकाच धातूपासून उपसर्गाच्या बळावर आहार, विहार, प्रहार आणि संहार असे परस्परांहून दूरचे शब्द बनतात. संस्कृतात अर्थ बदलणारा घटक धातूच्या आधी येऊन त्याला चिकटतो. 'फ्रेझल व्हर्ब'मध्ये तो मागाहून आणि सुटा येतो, इतकाच फरक.

परकीयांना इंग्रजीत सर्वाधिक अडचण याच शब्दजोड्यांची होते, हे सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५च्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेत नमूद केले होते. 'फ्रेझल व्हर्ब' ही संज्ञा मात्र बरीच अलीकडची. लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी १९२५मध्ये आपल्या पुस्तकात ती वापरली आणि तिचे श्रेय ऑक्सफर्ड शब्दकोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांना दिले.

एक जोडी, तीन अर्थ

आजच्या इंग्रजीत 'पास आउट'चे तीन अर्थ प्रामुख्याने आढळतात. पहिला आणि सर्वत्र प्रचलित अर्थ शुद्ध हरपणे. उन्हाने, उपासाने, वेदनेने किंवा मद्याच्या अंमलामुळे माणूस 'पास आउट' होतो. येथील 'आउट' विझण्याचा सूचक आहे. 'ब्लॅकआउट' आणि 'नॉकआउट' या मराठी वाचकाला परिचित असलेल्या शब्दांतही तोच 'आउट' आहे. एकात दिवे जातात, दुसऱ्यात मुष्टियोद्ध्याची शुद्ध.

दुसरा अर्थ वाटप करणे. शिक्षक वर्गात प्रश्नपत्रिका 'पास आउट' करतात. येथे 'आउट' म्हणजे हातातून बाहेर, सर्वांपर्यंत. या अर्थी वापरताना एक नियम पाळावा लागतो. 'पास आउट द पेपर्स' आणि 'पास द पेपर्स आउट' ही दोन्ही वाक्ये चालतात. पण नामाच्या जागी सर्वनाम आले, तर ते मध्येच बसते. 'पास देम आउट' बरोबर, 'पास आउट देम' चूक.

तिसरा अर्थ प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडणे. हा अर्थ ब्रिटिश इंग्रजीत आहे, परंतु त्याचे क्षेत्र मर्यादित आहे. तो मुख्यत्वे लष्करी प्रशिक्षणासाठी वापरला जातो. 'पासिंग आउट परेड' म्हणजेच दीक्षान्त संचलन हा शब्द याच परंपरेतला. पुण्याजवळ खडकवासला येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत हे संचलन दरवर्षी होते. ३० मे २०२५ रोजी तेथून १७ महिला छात्रांची पहिली तुकडी बाहेर पडली, तेव्हा वृत्तपत्रांनी 'पासिंग आउट' हाच शब्द वापरला आणि तो अचूकच होता.

भारतात मात्र हा अर्थ छावणीच्या वेशीबाहेर आला आणि अभियांत्रिकी, वाणिज्य, इतकेच काय, बारावीच्या विद्यार्थ्यालाही लागू झाला. ब्रिटिश किंवा अमेरिकी श्रोत्याला हा विस्तार ठाऊक असेलच असे नाही.

'फ्रॉम'चा चकवा

संदर्भावरून श्रोत्याला अर्थ कळणार नाही का, असा प्रश्न येथे पडू शकतो. पुष्कळदा कळतोही. पण वाक्यरचनाच त्याला आडवाटेला नेते. बेशुद्धीच्या अर्थाने 'पास आउट' वापरले, की त्याचे कारण 'फ्रॉम' या शब्दाने सांगण्याची रीत आहे. 'पास्ड आउट फ्रॉम हंगर' म्हणजे भुकेने भोवळ आली. 'पास्ड आउट फ्रॉम द हीट' म्हणजे उन्हाने शुद्ध हरपली. त्याच चालीवर 'पास्ड आउट फ्रॉम इंजिनीअरिंग कॉलेज' ऐकले, की महाविद्यालयाचा ताण सोसवला नाही की काय, असा विचित्र अर्थ क्षणभर डोकावतो. मुलाखतीत असा क्षण उमेदवाराच्या पथ्यावर पडत नाही.

आपल्याकडील अर्जांत 'इयर ऑफ पासिंग' असा रकाना असतो. तेथे उत्तीर्ण झाल्याचे वर्ष लिहिणे योग्यच. परंतु स्वतः तयार केलेल्या परिचयपत्रात, विशेषतः ते परदेशी धाडायचे असल्यास, हे शब्द टाळावेत. इंग्रजीत 'पासिंग' हा निधनासाठी वापरला जाणारा सौम्य शब्दही आहे.

डॉक्टरांचा प्रश्न

गैरसमज उलट दिशेनेही होऊ शकतो आणि तेथे प्रश्न केवळ हसे होण्याचा उरत नाही. मुलाकडे अमेरिकेला गेलेले एखादे ज्येष्ठ नागरिक घसरून पडले, तर रुग्णालयात 'डिड यू पास आउट?' हा प्रश्न हमखास विचारला जातो. पडताना शुद्ध हरपली होती का, हे डॉक्टरांना जाणून घ्यायचे असते. पाय घसरून पडणे आणि आधी भोवळ येऊन मग पडणे या वैद्यकीयदृष्ट्या भिन्न गोष्टी आहेत. शुद्ध हरपली असेल, तर हृदयाची आणि मेंदूची तपासणी करावी लागू शकते. प्रश्न न उमगता दिलेले 'येस' किंवा 'नो' तपासाला चुकीचे वळण देऊ शकते. 'फेन्ट' हा शब्द पुष्कळांना शाळेपासून ठाऊक असतो. रोजच्या बोलण्यात 'पास आउट' त्याच अर्थाने येते, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

मग म्हणावे काय?

पदवी मिळाल्याचे सांगायचे असल्यास 'आय ग्रॅज्युएटेड फ्रॉम पुणे युनिव्हर्सिटी इन २०२२' हे वाक्य जगात कोठेही चालते. पदविका किंवा छोटा अभ्यासक्रम असल्यास 'आय कम्प्लीटेड द कोर्स' म्हणावे. शाळेबाबत 'आय फिनिश्ड स्कूल' पुरेसे आहे. अमेरिकेत शालान्त शिक्षणासाठीही 'ग्रॅज्युएट' वापरतात. परीक्षेपुरते बोलायचे असेल, तर 'आय पास्ड द एक्झाम' एवढेच म्हणावे. 'आउट'ची गरज नाही.

'पास'ची इतर भावंडेही अशीच सांभाळून वापरावी लागतात. 'पास अवे' म्हणजे निधन होणे, 'पास अप' म्हणजे चालून आलेली संधी सोडणे, 'पास ऑफ' म्हणजे खोटी वस्तू खरी म्हणून खपवणे. 'पास ऑन'ला निरोप पुढे पोहोचवणे आणि मरण पावणे असे दोन्ही अर्थ आहेत.

याचा अर्थ भारतीय वापर अशुद्ध ठरवून मोडीत काढावा, असा नाही. 'प्रीपोन' या भारतीय वळणाच्या शब्दाला ऑक्सफर्डच्या शब्दकोशात स्थान मिळाले आहे. कोट्यवधी लोक एखादा शब्द एका अर्थाने बोलतात आणि तो परस्परांना कळतो, तेव्हा तो अर्थ त्या समाजापुरता खराच असतो. पुण्यातील मेळाव्यात 'पासआउट बॅच' म्हणण्यात काहीच गैर नाही. मात्र समोरचा श्रोता बदलला, की शब्दही बदलावा लागतो. शब्दाचा अर्थ शेवटी ऐकणाऱ्यापर्यंत काय पोहोचले यावर ठरतो. त्यामुळे परदेशी पाठवायच्या अर्जावरून एकवार नजर फिरवून 'पासआउट'च्या जागी 'ग्रॅज्युएटेड' लिहावे. मिनिटभराच्या या दुरुस्तीने मोठा घोटाळा टळू शकतो.