आठ आठवडे बाजारात

एप्रिल संपत आला की मॅनेजमेंटच्या कॉलेजांमधले फोन वाजायला लागतात. पलीकडे बहुतेक वेळा आई असते. ‘मॅडम, आमच्या मुलीला ऑफिसातलंच काहीतरी बघा ना. उन्हातान्हात दुकानं फिरायला नका लावू. त्यासाठी का एमबीए केलं तिनं?’ मार्केटिंगच्या मुलामुलींच्या प्रोजेक्टना मार्गदर्शन करणं हे माझं काम, त्यामुळे हा प्रश्न आता पाठ झालाय. मुलांच्या आयांचा असा फोन येत नाही, हेही सांगून टाकते.

माझं उत्तरही ठरलेलं आहे. हो, त्यासाठीच केलं.

ज्यांच्या घरात अजून कुणी या वाटेला गेलेलं नाही, त्यांच्यासाठी थोडं सविस्तर. एमबीए दोन वर्षांचं, चार सत्रांचं. पहिलं वर्ष संपलं की उन्हाळ्यात एखाद्या कंपनीत जाऊन प्रत्यक्ष काम करायचं, त्याचा अहवाल लिहायचा आणि पुढे तोंडी परीक्षा द्यायची. पुणे विद्यापीठाच्या २०१९च्या अभ्यासक्रमात त्यासाठी किमान आठ आठवडे सांगितले होते. नवं शैक्षणिक धोरण आल्यावर, २०२३पासून, एम.कॉम.सारख्या अभ्यासक्रमांतही ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ आलं. म्हणजे कंपनीत जायचं की नाही, गेलं तर कुठल्या कामावर, हा प्रश्न आता कितीतरी जास्त घरांत पडणार आहे.

मार्केटिंग म्हटलं की घरच्यांच्या डोळ्यांसमोर येते जाहिरात. एसी ऑफिस, लॅपटॉप, रंगीत स्लाइड्स. पुस्तकात मात्र चार ‘पी’ असतात. जेरोम मॅकार्थी या अमेरिकन प्राध्यापकांनी १९६०मध्ये ते मांडले आणि तेव्हापासून प्रत्येक विद्यार्थी ते घोकत आलाय : वस्तू, किंमत, वितरण आणि जाहिरात. यातलं तिसरं, वितरण, फळ्यावर शिकवता येत नाही. कंपनीने डिस्ट्रिब्युटरला माल दिला, की कंपनीच्या वहीत विक्री झाली. पण डिस्ट्रिब्युटरच्या गोडाऊनमधून तो दुकानात गेला का, दुकानातून कुणाच्या पिशवीत गेला का, हे कळायला छोट्या हत्तीच्या मागे मागे जावं लागतं. आणि नेमकं तिथेच आपण मुलींना जाऊ देत नाही.

दोन-तीन वर्षांपूर्वीची एक विद्यार्थिनी आठवते. बार्शीकडची, पुण्यात हॉस्टेलवर राहणारी. तिला एका मसाल्याच्या कंपनीत प्रोजेक्ट मिळालं. कंपनीचं मुख्य ऑफिस परराज्यातलं. हडपसर-मांजरी पट्ट्यात विक्री का पडली, ते शोध म्हणाले. साहेबांचा अंदाज असा, की किंमत जास्त झाली असावी.

पहिले चार दिवस ती सेल्समनबरोबर फिरली. ‘बीट’वरची तीस-पस्तीस दुकानं एका दिवसात. चौथ्या दिवशी मला फोन, ‘मॅडम, दुकानदार बोलतच नाहीत. प्रश्नावली काढली की गिऱ्हाईक बघायला लागतात.’ अहो, सकाळी दहाच्या गर्दीत कोण तुमची प्रश्नावली भरणार? आणि दुपारी पुण्यातल्या दुकानदाराला काही विचारायचं नसतं, हे काय कुठल्या पुस्तकात लिहिलंय? मग तिनं वेळ बदलली. चारनंतर, गिऱ्हाईक यायच्या आधी जायला लागली. कागद पिशवीतच ठेवला. दुसऱ्या आठवड्यात दुकानदार ‘या ताई’ म्हणायला लागले आणि एकाने काउंटरखालून खोकं काढून तिच्यापुढे ठेवलं. आत एक्स्पायरी उलटलेली पाकिटं. ‘हे परत न्या, मग नवीन ऑर्डर घ्या.’ डिस्ट्रिब्युटर म्हणे, कंपनी क्लेम पास करत नाही. कंपनी म्हणे, क्लेम वेळेत येत नाही. दोघांच्या भांडणात दुकानदाराचे पैसे अडकलेले, आणि त्याने सरळ दुसऱ्या कंपनीच्या पाकिटांची माळ दारात टांगलेली. किमतीचा काही संबंधच नव्हता!

तिचं खरं कौतुक मला पुढच्या गोष्टीचं वाटलं. एप्रिल-मे महिन्यांत विक्री आणखी खाली का जाते, याच्यावर ऑफिसात तीन मीटिंगा झाल्या होत्या. हिने एका वाक्यात सांगितलं, ‘सर, आमच्याकडे मे महिन्यात वर्षाचा मसाला करतात.’ गच्चीवर मिरच्या वाळताहेत, खडा मसाला तळला जातोय, कांडपाच्या गिरणीवर नंबर लागलेत. अशा वेळी पाकीट कोण घेणार? पण ती तिथेच थांबली नाही. मेमध्येही दहा रुपयांचं पाकीट बरं खपत होतं, ते कुठे, हे तिने दुकानवार लिहून काढलं. भाड्याच्या खोल्यांत राहणारी कामगार मुलं, जिला ना गच्ची आहे ना वर्षाच्या मसाल्याएवढे पैसे एकदम हातात आहेत अशी बाई. त्या वस्तीतल्या दुकानांत मोठी पाकिटं ठेवण्याचा आग्रहच चुकीचा होता. हे ज्ञान तिला आईच्या स्वयंपाकघरातून मिळालेलं होतं. बाजारात उतरल्यावर त्याचं मार्केटिंग झालं, एवढंच.

‘ठीक आहे, पण हे काम आमच्या मुलीनेच कशाला?’ त्याचं कारण पुढच्या पाच-दहा वर्षांत दडलेलं आहे. साबण, बिस्किटं, चहा विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांत वर जाणारी वाट बऱ्याचदा सेल्समधूनच जाते. हिंदुस्थान लिव्हर तर आपल्या मॅनेजमेंट ट्रेनींना उत्तर प्रदेशातल्या एटा जिल्ह्यात खेड्यात राहायला पाठवायची. कोल्हापुरात वाढलेल्या, सांगलीच्या वालचंद कॉलेजातून इंजिनिअर झालेल्या लीना नायर १९९२मध्ये याच कंपनीत ट्रेनी म्हणून लागल्या. त्यांची शाखा मनुष्यबळाची, मार्केटिंगची नव्हे; पण सुरुवातीची वर्षं त्यांनी कारखान्यांत काढली. २०२२मध्ये त्या ‘शनेल’ या फ्रेंच कंपनीच्या प्रमुख झाल्या. आठ आठवडे एक्सेलच्या तक्त्यात आकडे भरणाऱ्या मुलीला मुलाखतीत ‘फिल्डवर काय केलंस?’ असं विचारलं की ती गप्प होते. शेजारी बसलेला मुलगा गप्प होत नाही.

अर्थात सगळी प्रोजेक्ट्स काही अशी नसतात. काही ठिकाणी प्रोजेक्ट म्हणजे फुकटची माणसं. एकीला पहिल्याच दिवशी विमा पॉलिसींचं टार्गेट दिलं. तिने एक मामाला, एक काकांना आणि एक आत्याला गळ्यात मारली, की झाला प्रोजेक्ट! नातेवाईक संपले की मार्केटिंग संपलं. शिवाय विमा विकायला रीतसर परीक्षा देऊन एजंट व्हावं लागतं, हे त्या साहेबांना माहीत नव्हतं असं कसं म्हणावं? पैशांचंही आधीच बोलून घ्या. अॅप्रेंटिस कायद्याखालच्या शिकाऊ उमेदवाराला विद्यावेतन द्यावंच लागतं. कॉलेजच्या प्रोजेक्टला तो कायदा आपोआप लागू होत नाही. निदान प्रवासखर्च तरी मागा. त्यात लाज कसली?

आणि आता ते, जे मुली मला दार लोटून घेतल्यावर सांगतात. बीटवर बाथरूम नसतं. सकाळी नऊला निघायचं, संध्याकाळपर्यंत पाणी प्यायचं नाही, असं कित्येकींचं वेळापत्रक. मुंबईत २०११मध्ये बायकांनी ‘राइट टू पी’ची चळवळ सुरू केली ती काही उगाच नाही. मी मुलींना सांगते, पहिल्या दिवशी बीटचा नकाशा काढाल तेव्हा त्यावर पेट्रोल पंप, दवाखाने, बँका आणि ओळखीची घरं आधी मांडा, दुकानं मागाहून. पाणी बंद करायचं नाही.

दुसरी भीती आया फोनवर बोलून दाखवत नाहीत, पण असते तीच. तर हे माहीत असू द्या. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्यात ‘कर्मचारी’ या शब्दात ट्रेनीही येते, आणि कामानिमित्त जावं लागतं ती जागा व कंपनीने दिलेलं वाहनही ‘कामाचं ठिकाण’ धरलं जातं. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती असावीच लागते. त्याहून लहान जागेसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार लेखी आणि साधारणपणे तीन महिन्यांच्या आत द्यायची. समितीवर कोण आहे ते रुजू होतानाच विचारून घ्यावं. विचारलं म्हणून कुणी रागावलं, तर ती कंपनी तशीच आहे हे आठ आठवडे जायच्या आधी कळलं!

राहता राहिला अहवाल. कॉलेजांच्या आसपासच्या झेरॉक्सच्या दुकानांत तयार रिपोर्ट मिळतात, नाव तेवढं बदलायचं. शिक्काही कुणी ओळखीचे मारून देतात. तोंडी परीक्षेला बाहेरून येणारे परीक्षक पहिला प्रश्न साधा विचारतात, ‘किती दुकानं केली?’ ‘शंभर’ हे उत्तर दोन्ही प्रकारच्या मुली देतात. दुसरा प्रश्न असतो, ‘त्यातली बंद किती होती?’ बार्शीच्या मुलीने डायरी उघडली आणि वार सांगायला सुरुवात केली. गुरुवारी या गल्लीत सुट्टी, त्या दिवशी अमक्या काकांकडे लग्न, एक दुकान तर विकलंच गेलेलं. परीक्षकांनी मध्येच थांबवलं आणि विचारलं, ‘आणि त्या एक्स्पायरीच्या खोक्याचं पुढे काय झालं?’

ते कंपनीने परत नेलं होतं. फक्त त्या एका बीटवरचं.