लसीच्या रांगेआधीची रांग

1 मे 2021 पासून 18 ते 44 वयोगटाला कोविडची लस खुली झाली. पण आधी ‘कोविन’वर नोंदणी सक्तीची होती. संकेतस्थळ इंग्रजीत, मराठी आली जूनमध्ये. धारूरच्या डोंगरपट्ट्यात ज्या ऊसतोड कुटुंबाकडे एकच स्मार्टफोन आणि रेंज जेमतेम, त्याला लसीआधी ओटीपीचीच वाट पाहायची होती.

वेबसाइट बनवायला शिकणाऱ्या तरुणांनी यातून धडा घ्यावा. पान मराठीत आणि हलके असावे. स्वस्त मोबाइलवर, कमी रेंजमध्ये ते चालवून पाहावे. एक चूक झाली म्हणून भरलेली सगळी माहिती पुसली जाऊ नये. औषध बाजारात येण्याआधी रुग्णांवर तपासतात. तसा फॉर्म आधी गावातल्या आजीच्या हाती द्यावा. ती अडखळली, तर दोष फॉर्मचा.