गोल न होण्याचं श्रेय

जिला गोल मारता येत नाही तिला मागे उभं करतात, हा समज शाळेच्या मैदानावर तयार होतो आणि पुढे टीव्हीसमोर बसल्यावरही सुटत नाही. महिलांच्या फुटबॉलबाबत तर तो आणखी घट्ट आहे. मार्टा, मेगन रपिनो, अलेक्सिया पुतेयास अशी जी नावं आपल्याला ठाऊक असतात ती मधल्या किंवा पुढच्या फळीतली. बचावपटूने काय करायचं, तर चेंडू आला की लाथाडायचा आणि समोरची आली की आडवं जायचं. यात करिअर ते कसलं? पण ज्यांचा धंदाच खेळाडू पारखण्याचा आहे, त्यांनी गेल्या काही वर्षांत या प्रश्नाचं उत्तर वेगळंच दिलं आहे. ऑगस्ट 2019मध्ये युएफाने वर्षातली सर्वोत्तम खेळाडू म्हणून इंग्लंडच्या लुसी ब्राँझला निवडलं. ती राइट बॅक. पुढच्याच वर्षी फिफाचा सर्वोत्तम महिला खेळाडूचा किताबही तिलाच मिळाला, आणि तो मिळवणारी ती पहिली बचावपटू ठरली.

राइट बॅक नेमकं काय करते हे 2019च्या विश्वचषकातल्या नॉर्वेविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात छान दिसलं. तिसऱ्याच मिनिटाला ब्राँझ उजव्या बगलेतून थेट पेनल्टी क्षेत्रात घुसली, तिने चेंडू मागे खेचून दिला आणि जिल स्कॉटने गोल केला. उत्तरार्धात फ्री किकवर बेथ मीडने चेंडू क्षेत्राच्या कडेला सरकवला आणि ब्राँझने तो न थांबवता जाळ्याच्या छतात मारला. इंग्लंड 3-0ने जिंकलं. असं वर जाण्याची किंमत असते, कारण पाठीमागे मोकळी जागा राहते. कधी जायचं, कधी थांबायचं, चेंडू हातचा गेला तर कोणत्या वाटेने परतायचं, हे तिला धावता धावता ठरवावं लागतं. म्हणून ज्या बचावपटूला सामन्यात सारखं टॅकल करावं लागतं ती उत्तमच असते असं नाही. बऱ्याचदा ती दोन पावलं उशिरा पोहोचलेली असते. चांगली बचावपटू आधीच अशा ठिकाणी उभी राहते की समोरचीला तो पासच देववत नाही. कॅमेरा चेंडूबरोबर फिरतो, त्यामुळे हे काम आपल्याला दिसतच नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. ब्राँझचं कौतुक शेवटी तिच्या हल्ल्यांमुळेच झालं ना? मग श्रेय हल्ल्याचंच. याचं उत्तर 2022च्या युरो स्पर्धेत मिळतं. इंग्लंडने सहाही सामन्यांत तेच अकरा खेळाडू उतरवले आणि सगळ्या स्पर्धेत फक्त दोन गोल खाल्ले. लीआ विल्यमसन आणि मिली ब्राइट ही सुरुवातीच्या संघातली सेंटर बॅकची जोडी एकदाही बदलली नाही. स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू मात्र ठरली सहा गोल करणारी बेथ मीड. तिचा मान चुकीचा नव्हता. पण झालेला गोल मोजता येतो, टळलेला मोजायचा कसा? पुरस्कारांचं पारडं पुढे झुकतं ते या हिशेबामुळे, कामाच्या दर्जामुळे नाही.

दुसरा गैरसमज पैशाचा. मागे खेळणारीला भाव नाही म्हणतात, पण महिला फुटबॉलमध्ये दहा लाख डॉलरची हद्द ओलांडणारी पहिली खेळाडू सेंटर बॅकच होती. जानेवारी 2025मध्ये चेल्सीने अमेरिकेच्या नाओमी गिर्माला सॅन दिएगो वेव्हकडून सुमारे 11 लाख डॉलरला घेतलं. (तो विक्रम त्याच वर्षी ऑलिव्हिया स्मिथ या आघाडीच्या खेळाडूने मोडला, हेही सांगायला हवं.) उलट टोकाचा गैरसमज असा, की आता सगळ्याच जणी मालामाल आहेत. इंग्लंडची विमेन्स सुपर लीग 2011मध्ये सुरू झाली, पण ती पूर्ण व्यावसायिक झाली 2018-19च्या मोसमापासून. ब्राँझच्या पिढीने त्याआधीची अर्धवट व्यवस्था सोसली. बाराव्या वर्षाच्या आसपास नियमामुळे तिला मुलांच्या संघातून बाहेर पडावं लागलं आणि पुढे लीड्समध्ये शिकताना तिने पिझ्झाच्या दुकानात काम केलं.

ही सगळी युरोप-अमेरिकेची गोष्ट, आपल्याला काय त्याचं, असंही कोणी म्हणेल. आपली महिला लीग 2016-17मध्ये सुरू झाली, तेव्हा अंतर मोठं आहे हे खरंच. पण जानेवारी 2022मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आशियाई चषकात भारत इराणविरुद्ध उतरला, तेव्हा कर्णधार होती मणिपूरची बचावपटू आशालता देवी. तो सामना 0-0 सुटला. कोविडमुळे भारताला स्पर्धाच सोडावी लागली, त्यामुळे त्या बचावफळीची खरी परीक्षा झालीच नाही.

राहिला वयाचा मुद्दा. तिशी उलटली की बचावपटू संपली, कारण वेग जातो, असं मानतात. 1991मध्ये जन्मलेली ब्राँझ 2024मध्ये चेल्सीत आली आणि त्या मोसमात चेल्सीने एकही सामना न हरता लीग जिंकली. मग 2025च्या युरोत उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंड स्वीडनविरुद्ध 0-2ने मागे होतं. 79व्या मिनिटाला क्लोई केलीचा क्रॉस आला आणि दूरच्या खांबापाशी पोहोचलेल्या ब्राँझने हेडरने गोल केला. बरोबरीनंतरच्या शूटआउटमध्ये 14पैकी फक्त पाच पेनल्टी आत गेल्या आणि त्यातली शेवटची तिची होती. ती पूर्ण स्पर्धा नडगीचं हाड मोडलेलं असताना खेळली, हे अंतिम सामन्यानंतर तिनेच सांगितलं. वर्तमानपत्रांनी जिद्दीची कहाणी म्हणून ती उचलली. मोडलेल्या हाडाने खेळणं अनुकरणीय आहे असं मला वाटत नाही. त्या हेडरचं मोल वेगळ्या कारणासाठी आहे. पायात पूर्वीचा वेग नसतानाही क्रॉस कुठे पडणार हे तिने स्वीडनच्या बचावपटूंच्या आधी ओळखलं, आणि ही नजर तिने वीस वर्षं दुसऱ्यांचे क्रॉस अडवताना कमावली होती.