राखणीचा कुत्रा आणि उन्हाळा: सावली सरकते, साखळी सरकत नाही



पाणी, खत, फवारणी यांचे मेसेज आपण नेहमी पाठवतो. आजचा मेसेज वस्तीवर राखण करणाऱ्या कुत्र्यासाठी आणि घरातल्या मांजरासाठी आहे. उन्हाळ्यात गाई-बैलांकडे आपलं लक्ष असतं. कुत्र्याकडे मात्र तो आडवा पडल्यावरच जातं, आणि तेव्हा बऱ्याचदा उशीर झालेला असतो.

*कुत्र्याला ऊन लवकर का बाधतं?*
आपल्याला घाम येतो, तो वाळला की अंग गार पडतं. कुत्र्याला घाम फक्त पंजाच्या गाद्यांना येतो, तोही नावालाच. बाकी उष्णता तो धापा टाकून जिभेवाटे बाहेर काढतो. त्यासाठी अंगात पाणी हवं आणि भोवतालची हवा गार हवी. दुपारी पत्र्याच्या शेडखाली हवाच तापलेली असते. तिथे कितीही धापा टाकल्या तरी अंग निवत नाही, उलट अंगातलं पाणी कमी होतं. वळवाच्या आधी हवा दमट होते तेव्हाही तसंच होतं. पग किंवा इतर चपट्या नाकाची कुत्री, लठ्ठ, म्हातारी आणि दाट केसांची कुत्री यांना धोका जास्त.

*आपल्या माणमध्ये अडचण कुठे होते?*
पूर्वी कुत्रा मोकळा असायचा. ऊन चढलं की न्हाणीजवळच्या ओल्या मातीत खड्डा उकरून पडायचा. आता सिमेंटचे रस्ते झाले, कंपन्यांच्या बस आणि बांधकामाचे डंपर दिवसभर चालू असतात, म्हणून कुत्रा बांधावा लागतो. ते समजण्यासारखं आहे. पण सकाळी सातला भिंतीच्या पश्चिम बाजूला सावलीत बांधलेला कुत्रा दुपारी दोनला भर उन्हात असतो. आपण शेतात किंवा कामावर असतो. सावली सरकते, साखळी सरकत नाही.

*यावर सोपे उपाय*
▪️ दोन खांबांच्या मध्ये ताठ तार बांधा आणि साखळीची कडी त्या तारेत ओवा. कुत्रा स्वतः सावलीकडे सरकतो. साखळी कशात अडकणार नाही एवढं बघा.
▪️ ते जमत नसेल तर दोन खुंट्या ठोका. सकाळी पश्चिमेला, दुपारी पूर्वेला किंवा झाडाखाली बांधा. जेवायला घरी येणाऱ्याने खुंटी बदलायची, हे घरात ठरवून टाका.
▪️ पत्र्यावर उसाचं पाचट किंवा भाताचा पेंढा टाका आणि शेडच्या दोन बाजू उघड्या ठेवा.
▪️ पाण्याचं भांडं जड घ्या, दगडी किंवा सिमेंटचं. ॲल्युमिनियमचं पातेलं कलंडतं आणि तापतं. भांडं सावलीत ठेवा, दिवसातून तीनदा पाणी बदला.
▪️ काळ्या टाकीचं आणि उन्हात पडलेल्या पाइपचं पहिलं पाणी दुपारी चटका देतं. ते आधी सोडून द्या, मग भांडं भरा.
▪️ फिरवायचं तर सकाळी लवकर किंवा दिवस मावळल्यावर. रस्त्यावर तळहात पाच सेकंद टेकवून बघा. आपल्याला सोसत नसेल तर त्याचेही पाय भाजतात.
▪️ बंद गाडीत कुत्रा ठेवू नका. बाहेर ३५ अंश असेल तर उन्हातल्या बंद गाडीत दहा मिनिटांत ४५ च्या आसपास आणि अर्ध्या तासात ५० च्या वर जातं.

ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ च्या नियमांत म्हटलंय की तापमान ३७ अंशांच्या वर असेल तिथे दुपारी १२ ते ३ त्यांना कामाला जुंपू नये. कुत्र्यालाही हीच वेळ जपायची. आणि पाळलेल्या जनावराला पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

*उष्माघात कसा ओळखायचा?*
धापा थांबतच नाहीत, तोंडाला चिकट तारेसारखी लाळ येते, हिरड्या लालभडक होतात, चालताना झोक जातो, उलटी किंवा रक्ताची जुलाब होते, शेवटी कोसळतो किंवा झटके येतात. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरेनहाइट असतं. म्हणून १०२ दिसलं तर घाबरू नका. १०४ च्या वर गेलं तर लगेच हालचाल करा. १०६ च्या पुढे आतले अवयव निकामी व्हायला लागतात.

*आधी पाणी, मग गाडी*
१. लगेच सावलीत घ्या. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी पाइपने अंगावर सोडत राहा. पोट, जांघा, काखा, पंजे नीट भिजवा. पंखा लावा.
२. ओलं पोतं अंगावर गुंडाळून ठेवू नका, आतली उष्णता कोंडते. हवं तर खाली अंथरा.
३. शुद्धीवर असेल तर थोडं थोडं पाणी पाजा. बेशुद्ध असेल तर तोंडात पाणी ओतू नका, फुफ्फुसात जातं.
४. तापमान १०३ पर्यंत उतरलं की पाणी थांबवा आणि डॉक्टरकडे न्या. उठून चालायला लागला तरी न्या. मूत्रपिंड आणि रक्त गोठण्याचा त्रास पुढच्या दोन-तीन दिवसांतही उद्भवतो.

सरकारी पशुवैद्यकीय सेवेचा मोफत नंबर १९६२ मोबाइलमध्ये ठेवा. हिंजवडी-वाकडकडे कुत्र्या-मांजरांचे खासगी दवाखाने आहेत. त्यातला रात्री कोणता उघडा असतो, हे आजच विचारून ठेवा.

*हे अजिबात करू नका*
❌ माणसाची तापाची गोळी. उष्माघात हा ताप नाही, गोळीने तो उतरत नाही. मांजराला तर पॅरासिटामॉलची एक गोळीही जिवावर बेतते.
❌ ऊन लागू नये म्हणून कांदा. माणसासाठी चालतो. कुत्र्या-मांजराच्या पोटात गेला, कच्चा किंवा शिजलेला, तर रक्तातल्या लाल पेशी फुटतात.
❌ गाई-म्हशींचं गोचिडाचं औषध अंदाजाने कुत्र्यावर मारणं. उन्हाळ्यात गोचीड वाढतात आणि त्यातून रक्ताचे आजार होतात, म्हणून औषध हवंच, पण डॉक्टरांना वजन सांगून घ्या. त्यातली बरीच औषधं मांजराला विषारी असतात. गोठ्यात फवारणी केली तर वाळेपर्यंत मांजर आत जाऊ देऊ नका.
❌ केस मुळापासून भादरणं. दाट केसांचा कुत्रा विंचरून मोकळा करा. उघडी कातडी उन्हाने भाजते.

आज दुपारी दोन वाजता एकदा बघा, आपला कुत्रा आत्ता सावलीत आहे का आणि भांड्यात पाणी आहे का. घरी नसाल तर घरच्यांना फोन करून बघायला सांगा. मेसेज शेजारच्या वस्तीवरही पाठवा.

आपली शेतकरी उत्पादक कंपनी, माण