हाडे भक्कम, तर पाय भक्कम



गेल्या पावसाळ्यात माझी आई अंगणात घसरली. पडणे साधेच, पण मनगट मोडले. हाडे ठिसूळ झाली आहेत, असे डॉक्टरांनी सांगितले. दोन महिने तिला भाकरी थापता आली नाही. तेव्हापासून पाड्यावर गेले की मी बायकांशी हाडांविषयी बोलते.

हाड जिवंत असते. ते रोज झिजते आणि रोज भरून निघते. साधारण तिशीपर्यंत साठा वाढतो; पुढे, विशेषतः पाळी थांबल्यावर, झीज वाढते. मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. 100 ग्रॅम नाचणीत ते 350 च्या आसपास असते, पांढऱ्या तांदळात जेमतेम 10. ताटात भात वाढला आणि नाचणी मागे पडली, तिथेच घात झाला. नाचणीसोबत शेवग्याचा पाला, तीळ आणि काट्यासकट खाल्ली जाणारी बारीक सुकी मासळीही हवी.

कॅल्शियम अंगी लागायला ड जीवनसत्त्व लागते. ते अंगावर ऊन पडल्याने तयार होते. चालण्याने, चढ चढण्याने, ओझे उचलण्याने हाड घट्ट होते. तंबाखू, मशेरी आणि दारू मात्र त्याला कमकुवत करतात.

आई आता रोज आंबील पिते, अंगणात उन्हात बसून धान्य पाखडते. तुमच्याही घरी वडीलधाऱ्यांना नाचणीची भाकरी वाढा. आणि मुलींना विसरू नका. साठा करण्याचे वय त्यांचेच आहे.